मी तठे नव्हतू

आबा गेल्याचा फोन मला पोलीस ठाण्यातून आला. मी अमळनेरला माहेरी, भावाच्या मुलीच्या साखरपुड्याला गेले होते. भावाकडे फोन नाही, शेजारी आहे. शेजारची सून धापा टाकत आली आणि भरल्या घरात म्हणाली, "मंदाताई, धुळ्याहून पोलीस बोलताहेत." पोलीस हा शब्द ऐकला आणि नव्या व्याह्यांच्या हातातला पेढा हातातच राहिला. मी तशीच पळत गेले. पलीकडून बागूल जमादार बोलत होते. "वहिनी, आबा गेले... दुकानात जायला निघाले होते. चप्पल घालता घालता ओट्यावर बसले आणि तिथंच संपलं. प्रकाशभाऊ घरी आहेत. तुम्ही निघा." मग आवाज खाली आणून म्हणाले, "मी रस्ता ओलांडत होतो, वहिनी. मी स्वतः हजर होतो. मी पाहिलं." सासरा गेल्याची बातमी ऐकताना सुनेला काय वाटावं याचे काही ठरलेले नियम असतील, पण बागूल जमादारांच्या तोंडून ते शब्द ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते दुःखाचं किती आणि कशाचं किती, हे मला आजही सांगता यायचं नाही. ज्या ठाण्यानं पाच-सहा वर्षांत आमच्या लॉण्ड्रीत साधा रुमाल धुवायला पाठवला नव्हता, त्या ठाण्यातून तो फोन आला होता. का पाठवला नव्हता, ते सांगण्यासाठीच हा लेख लिहायला बसले आहे.

आबा म्हणजे माझे सासरे. आम्ही परीट. आग्रा रोडच्या अलीकडे, ठाण्याच्या बरोबर समोर आमची लॉण्ड्री, आणि तिला लागूनच घर. एकोणीसशे ब्याऐंशी साली मी सून म्हणून आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात माझ्यासमोर खाकी कपड्यांचा डोंगर येऊन पडला. सगळं ठाणं आमच्याकडे. आबा खळ स्वतः शिजवायचे, आणि त्यांनी इस्त्री केलेला गणवेश भिंतीला टेकवला तर माणसावाचून उभा राहील असा कडक असायचा. नवीन आलेला फौजदार असो की निवृत्तीला आलेला शिपाई, आधी आमच्या दुकानाच्या पायरीवर यायचा, मग खुर्चीवर बसायचा. पण या सगळ्या खाकीपेक्षा आबांना मान वाटायचा तो एका कपड्याचा. पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारीच्या आधी ठाण्याचा झेंडा आमच्याकडे यायचा. त्या दिवशी आबा आंघोळ करून दुकानात यायचे, टेबलावर धुतलेली चादर अंथरायचे, आणि इस्त्री किती गरम आहे ते स्वतःच्या धोतराच्या सोग्यावर बघायचे. मी एकदा नवी नवरी असताना म्हटलं, "द्या, मी करते." तर माझ्याकडे असं बघितलं की जसं काही मी देवघरात चपला घालून शिरले.

देशावर प्रेम करण्याची त्यांची एक स्वतःची, जराशी त्रासदायकच रीत होती. सिनेमा संपल्यावर राष्ट्रगीत लागायचं तेव्हा लोक उठून दाराकडे पळायचे. आबा आधीच दारात जाऊन दोन्ही हात चौकटीला लावून ताठ उभे राहायचे, म्हणजे कुणाला जाताच येऊ नये. माझ्या सासूबाई सांगायच्या, या लाजेपायी मी सिनेमाच सोडला. एकाहत्तरच्या युद्धात आबांनी गल्लोगल्ली फिरून जवानांसाठी घोंगड्या आणि चादरी गोळा केल्या, आणि लोकांनी दिलेलं जुनंपानं तसंच पाठवायचं नाही म्हणून सगळं पांझरेवर नेऊन धुतलं. थंडीत नदीच्या पाण्यात उभं राहून त्यांचे पाय फुटले होते, त्या भेगा ते कुणी लढाईच्या जखमा दाखवाव्यात तशा दाखवायचे. आम्ही हसायचो. तेही हसायचे, पण पाय झाकायचे नाहीत.

असा माणूस म्हटल्यावर मागच्या गल्लीतल्या रफीकशी त्यांचं वाजणं ठरलेलंच होतं. रफीक तेव्हा विशीतला. आमच्याकडे विहिरींना खाली काळा पाषाण लागतो, तो सुरुंग लावून फोडावा लागतो. एक ठेकेदार ते काम घ्यायचा आणि रफीक त्याच्याकडे सुरुंग भरायला, वाती जोडायला जायचा. कपडे आमच्याकडेच टाकायचा, मातीनं आणि तेलानं माखलेले, आणि वर रेडिओ खांद्यावर घेऊन दुकानाशी उभा राहायचा. शारजात शेवटच्या चेंडूवर आपण पाकिस्तानशी हरलो, तेव्हा तो असाच आमच्या पायरीवर होता. आबांचं म्हणणं, "हाऊ पोऱ्या हसना. मी देखं." रफीकचं म्हणणं, तो हसला नाही, त्याला जांभई आली. मी तिथंच होते, आणि खरं सांगायचं तर मला दोन्हींपैकी काहीच वाटलं नाही, त्याचा चेहरा आमच्यासारखाच पडला होता. पण आबांनी त्याचे कपडे घ्यायचं बंद केलं. तेव्हापासून दोघं एकमेकांसमोरून तोंड फिरवून जायचे. हे मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे काही भल्या माणसांनी आबांना "मुसलमान पोरावर माया करणारे" असं ठरवून टाकलं. माया वगैरे काही नव्हती. तो त्यांना आवडतच नव्हता.

आता पंचांची गोष्ट. पोलिसांनी कुठे झडती घेतली, काही जप्त केलं, तर त्याचा पंचनामा लागतो आणि त्यावर दोन पंचांच्या सह्या लागतात. कायदा म्हणतो, पंचांनी तिथे हजर राहून सगळं डोळ्यांनी बघायचं. पण झडतीला कुठल्या तरी कोपऱ्यात जायचं, अनोळखी माणसाला थांबवायचं, त्यानं काम सोडून यायचं, पुढे कोर्टाच्या खेपा घालायच्या... कोण येणार? म्हणून ठाण्यासमोरची दोन माणसं ठरलेली होती. एक शेजारचा सुकलाल पानवाला आणि दुसरे आमचे आबा. बागूल जमादार कागद घेऊन यायचे, वर काही लिहिलेलं असायचं, पुष्कळदा नसायचंही. आबा एका हातात इस्त्री धरून दुसऱ्या हातानं सही ठोकायचे. हातभट्टीच्या दारूचे रबरी फुगे, चोरीची सायकल, जुगाराचे पत्ते, सगळ्यांना आबा हजर. एकाच दिवशी साक्री रोडलाही आणि मोहाडीतही हजर. बागूल चहा पिऊन जायचे. यात काही वावगं आहे असं तेव्हा आमच्या कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. आबा म्हणायचे, सरकारचं काम आहे, आपण एवढंही करू नये का?

मग ते त्र्याण्णव साल आलं. मुंबईत बॉम्ब फुटले. धुळ्यातून रोज मुंबईला माल जातो, माणसं जातात, कुणाचा तरी कुणी तिथे होताच. चौकात बेवारस पिशवी दिसली तरी माणसं लांबून वळसा घालायची. आबांना दोन दिवस जेवण गेलं नाही. ज्यांनी हे केलं त्यांना भर चौकात लटकवा, असं ते येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचे. टाडा नावाचा कायदा तेव्हा होताच. त्यात एकदा माणूस आत गेला की जामीन जवळजवळ नाहीच. आबा म्हणायचे, बरं केलं, असाच कायदा पाहिजे. हेही लपवायचं कारण नाही.

त्याच दिवसांत मुक्ताईनगरला आमच्या नात्यात लग्न निघालं. सगळं घर जाणार होतं. आदल्या दिवशी बागूल जमादार आले आणि म्हणाले, "आबा, तुम्ही उद्या गावाला चाललात म्हणे. सध्या वरून फार घाई चालू आहे, कधी काय लागेल सांगता येत नाही. दोन-चार कागदांवर सह्या करून ठेवा ना, अडायला नको." आणि आबांनी केल्या! गावाला जाताना दूधवाल्याला सांगून जावं, शेजारी किल्ली ठेवावी, तशा आबांनी ठाण्याला सह्या ठेवल्या. बागूलांच्या मनातही काही पाप नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. दोघांनी चहा घेतला. आम्ही एस.टी.नं मुक्ताईनगरला गेलो, दोन दिवस राहिलो, मुक्ताबाईचं दर्शन घेतलं, आबांनी वरातीत फेटा बांधून नाचून घेतलं.

परत आलो तर गल्लीत सुतकी शांतता. रफीकला उचललं होतं. तिसऱ्या दिवशी पेपरात आलं. दुकानात पेपर मोठ्यानं वाचायचं काम माझं, कारण आबांचे हात कामात. मी वाचत होते... राहत्या घरी खाटेखालच्या पेटीत जिलेटिनच्या कांड्या आणि वायरी मिळाल्या, टाडाखाली अटक, दोन प्रतिष्ठित पंचांसमक्ष जप्ती. आबा म्हणाले, "मंदा, परत वाच. धीरे वाच." मी परत वाचलं. वार वाचला. आबांनी इस्त्री उभी केली. इस्त्री अशी मध्येच उभी करताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. सुकलालला हाक मारून विचारलं, "तू गया व्हता का तेना घर?" सुकलाल पानाला चुना लावत होता, म्हणाला, "आपण कधी कुठे जातो, आबा? सह्या आपल्याच आहेत." ज्या दिवशी सकाळी आबांनी रफीकच्या घरी खाटेखालची पेटी उघडताना पाहिली असं लिहिलं होतं, त्या सकाळी आबा मुक्ताईनगरला नवरदेवाच्या मागं हळदीच्या अंगानं फिरत होते. ते स्वतःशीच बोलल्यासारखं बोलले, "मी तठे नव्हतू." मग माझ्याकडे बघून पुन्हा तेच. जशी काही ही नवीन गोष्ट त्यांना आत्ताच कळली होती.

प्रकाश, म्हणजे माझे यजमान, जिल्हा परिषदेत नोकरीला. त्यांनी हात जोडले. म्हणाले, आबा, गप्प बसा, देश पेटलाय, कुणी ऐकून घेणार नाही, त्या पोराचं त्याचं तो बघेल, तुमचा काय संबंध? आबा जेवताना ताटावरून उठले. "देश काय येकला फौजदारना शे का? मना बी शे." प्रकाश म्हणाले, आणि तो खरंच त्यातला असला तर? त्यावर आबांनी जे उत्तर दिलं, त्यापेक्षा जास्त शहाणपणाचं मी नंतर कुठल्याच भाषणात ऐकलं नाही. "तो पोऱ्या बरा शे का वाईट, ते माले माहीत नही. मी तठे नव्हतू, इतलं माले माहीत शे."

दुसऱ्या दिवशी ते समोर गेले. धुतलेला सदरा, टोपी. मी पायरीवरून बघत होते, आणि ठाण्याच्या खिडक्या रस्त्याकडेच, त्यामुळे ऐकूही येत होतं. फौजदार तरुण होते, वाईट माणूस नव्हते, वरून रोज विचारणा होत असल्यानं कातावलेले. आबांनी सांगितलं, माझी सही काढा, मी हजर नव्हतो. ते म्हणाले, "आबा, झेंड्याला तुम्ही इस्त्री करता. तुमच्यासारख्या देशभक्त माणसानं अतिरेक्याची बाजू घ्यायची?" आबा म्हणाले, "अतिरेकी असेल तर फाशी द्या साहेब, दोर मी धुऊन देतो. पण खरा धरा. ह्याला धरून तुम्ही फाईल बंद केली, तर ज्यानं माणसं मारली तो मोकळाच राहिला ना? त्याचा फायदा कुणाला?" मग आवाज चढले. शेवटी फौजदार म्हणाले, कोऱ्या कागदावर सही केली म्हणून तुम्हालाच आत घेऊ का? आबांनी दोन्ही हात पुढे केले.

आत घेतलं नाही. पण दिवसभर बाकावर बसवून ठेवलं. चौकशी म्हणे. पाणी विचारलं बागूलांनीच, तेही खाली मान घालून. मी समोरच्या समोर दुकानात इस्त्री करत होते आणि त्या दिवशी मी किती कपडे जाळले ते मलाच माहीत. दिवेलागणीला आबा रस्ता ओलांडून आले. मी विचारलं, काय झालं, मारलं-बिरलं का? तर म्हणाले, "तेस्ना बाकडा ढिला व्हई जायेल शे. येक खिळा ठोकाले पाहिजे." आणि बाकीच्या कपड्यांच्या घड्या करायला बसले.

त्यानंतर खाकी बंद झाली. एक-एक करून गणवेश परत नेले, धुतलेले-न धुतलेले. ठाणं गेलं तसं ठाण्याकडे बघून येणारं गिऱ्हाईकही गेलं. एका सकाळी शटरवर खडूनं मोठ्या अक्षरात 'देशद्रोही' लिहिलेलं. अक्षर चांगलं वळणदार होतं, शिकलेल्या माणसाचं. मी फडकं घेऊन धावले तर आबांनी हात धरला. "जेनी लिखं, तोच पुसी." शटर वर गेलं की शब्द आत गुंडाळला जायचा, दुकान बंद केलं की पुन्हा खाली यायचा. रोज. येणारे-जाणारे वाचायचे. मला लाज वाटायची, मग राग यायचा, आणि मग एक दिवस माझ्या लक्षात आलं की मी ते शटर ओढताना मुद्दामच खडखड आवाज करते आहे, लोकांनी वळून बघावं म्हणून. आबांच्या घरात राहून हा रोग मलाही लागला होता. पुढे पावसानं ते पुसलं. आबा पावसावर चिडले होते.

पंधरा ऑगस्ट आला. झेंडा आमच्याकडे आला नाही. गावातल्या दुसऱ्या लॉण्ड्रीत गेला. आदल्या दिवशी आबांनी टेबलावर धुतलेली चादर अंथरली, आणि संध्याकाळपर्यंत तिच्यावर दुसरा कुठलाही कपडा ठेवू दिला नाही. मला ती रिकामी चादर बघवेना. सकाळी ते पांढरे कपडे घालून आमच्याच पायरीवर, रस्त्याच्या अलीकडे उभे राहिले. पलीकडे झेंडा वर गेला. इकडून आबांनी सलामी दिली आणि राष्ट्रगीत म्हटलं, एवढ्या मोठ्यानं की पलीकडच्या सगळ्या तुकडीचा आवाज त्यात बुडाला. त्यांचा सूर कधीच लागायचा नाही. फौजदार नजर समोर ठेवून उभे होते, पण मान लाल झाली होती. पुढची सगळी वर्षं आबा तसेच पायरीवरून म्हणत राहिले. त्यांना कुणी बोलावलं नाही, आणि बोलावलं नाही म्हणून ते थांबलेही नाहीत.

रफीक दोन वर्षांहून जास्त आत होता. तो कायदाही मधल्या काळात संपला, पण आत गेलेले आतच राहिले. मग विशेष कोर्टात खटला उभा राहिला आणि आबांना साक्षीचं बोलावणं आलं. मी सोबत गेले. प्रकाशना रजा मिळाली नाही, असं त्यांनी सांगितलं. एस.टी.त आबा सगळ्या रस्ताभर ओठ हलवत होते. कोर्टात शुद्ध बोलायचं म्हणून पाठ करत होते, "मी सदर ठिकाणी हजर नव्हतो." आधी सुकलालची साक्ष झाली. त्यानं सांगितलं, होय, मी होतो, मी पाहिलं. रफीकच्या वकिलांनी गोड आवाजात विचारलं, "जिना कुठल्या बाजूनं आहे हो?" सुकलाल म्हणाला, डाव्या. रफीकच्या घराला जिना नाही, ते एकाच खोलीचं पत्र्याचं घर आहे. सुकलाल घाम पुसत बाहेर आला आणि मला म्हणाला, "वहिनी, चारचौघांत माणसानं काय सांगायचं?"

आबा पिंजऱ्यात उभे राहिले. सरकारी वकिलांनी कागद दाखवला. ही सही तुमची? हो. मग तुम्ही हजर होता. आबांनी तोंड उघडलं आणि पाठ केलेलं सगळं विसरले. "साहेब, मी तठे नव्हतू. मी मुक्ताईनगरले व्हतू, बठ्ठं घर लगीनले जायेल व्हतं." न्यायाधीश दुसऱ्या भागातले असावेत, त्यांनी पुन्हा विचारलं. आबांनी पुन्हा तेच, हळूहळू, एकेक शब्द ठेवून सांगितलं. सरकारी वकिलांनी साक्षीदार फितूर झाल्याचं सांगितलं. न्यायाधीशांनी विचारलं, "कोऱ्या कागदावर सही का केलीत?" आबा म्हणाले, "सवयीनं." आणखी किती कागदांवर अशी केली? आबा म्हणाले, "मोजल्या नाहीत साहेब. माझ्या सहीवर कोण कोण आत गेलं, ते मला माहीत नाही. मला त्याचीच झोप येत नाही." न्यायाधीशांनी बजावलं, याबद्दल तुमच्यावर कारवाई होऊ शकते. आबा म्हणाले, "करा." तेवढंच. त्या खोलीत इतके काळे कोट आणि इतक्या खाकी टोप्या होत्या, आणि माझा म्हातारा सासरा एकटाच असा होता की ज्याला काही लपवायचं नव्हतं. मला त्यांचा इतका अभिमान वाटला की मी तिथंच पदर तोंडात धरून रडले.

रफीक सुटला. आबांवर कारवाई झाली नाही. लोकांना वाटेल, आता तो येऊन आबांच्या पाया पडला असेल. चार महिने आलाच नाही. आला तो एका दुपारी, खंगलेला, पायरीच्या खालीच उभा राहिला. म्हणाला, "सगळे म्हणतात, तुमच्यामुळे सुटलो. आत पण तुमच्यामुळेच गेलो होतो ना, आबा?" मी काहीतरी बोलणार होते, आबांनी हातानं थांबवलं. "हो," ते म्हणाले. "बस. चहा सांगतो." रफीक बसला नाही. निघून गेला. त्याचे कपडे त्यानं पुन्हा आमच्याकडे कधी टाकले नाहीत, आणि आबांनी कधी त्याबद्दल तक्रार केली नाही. एकदाच म्हणाले होते, त्याचं बरोबर आहे. आबांना नेलं त्या दिवशी मात्र रफीक आला होता. पांझरेच्या काठी उन्हात शेवटपर्यंत उभा होता, आणि सगळे परतल्यावर परतला.

महिनाभर लोक भेटायला येत आहेत. जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो, आबा माणूस भला, पण जरा हट्टी, थोडं जुळवून घेतलं असतं तर दुकान केवढं वाढलं असतं. मी पहिले काही दिवस ऐकून घेतलं. आता नाही ऐकत. मी विचारते, नेमकं कशाशी जुळवून घ्यायचं होतं? बॉम्ब ठेवणाऱ्यांना हेच हवं असतं की आपण एकमेकांना घाबरावं, आणि घाबरून कुठल्याही कागदाखाली सही करावी. आबा घाबरले नाहीत एवढंच. सीमेवर जाऊन लढणं त्यांच्या नशिबी नव्हतं. त्यांना जी जागा मिळाली ती आग्रा रोडजवळची एक पायरी होती, आणि ती त्यांनी सोडली नाही. याला देशप्रेम म्हणायचं नसेल तर नका म्हणू, मी म्हणणार.

परवा दुपारी मी दुकानात एकटी होते. समोरून एक नवा कॉन्स्टेबल आला. मिसरूडही नीट न फुटलेला, बदली होऊन आलेला, त्याला मागचं काही ठाऊक नाही. हातात कागद. "मावशी, जरा दोन सह्या पाहिजे होत्या. एक पोरगं धरलंय, विहिरीवरची मोटार चोरली." मी विचारलं, मोटार कुठे सापडली? म्हणाला, नगावबारीच्या पुढे, नाल्यात. मी म्हटलं, चल, दाखव. तो हसला. "ऊन फार आहे हो मावशी. तुम्ही कुठे येता? तुम्ही नुसती सही करा, वरचं आम्ही लिहितो." मी म्हटलं, पाहिल्याशिवाय नाही करायची. तो खांदे उडवून शेजारी सुकलालकडे गेला. सुकलालनं एका हातानं कात लावता लावता दुसऱ्या हातानं सही केली, मला दिसलं. सुकलालचे केस आता पांढरे झालेत, बाकी काही बदललेलं नाही.

मी इस्त्री उभी केली आणि तिचं बटण बंद केलं. शटर ओढलं, भर दुपारी. छत्री घेतली. सुकलालच्या टपरीसमोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "सही केलीत ना, भाऊ? मग चला, बघून येऊ." तो म्हणाला, "वहिनी, दुकान?" मी म्हटलं, मीही बंद केलंय. तो कॉन्स्टेबलकडे बघायला लागला, कॉन्स्टेबल माझ्याकडे, आणि समोर ठाण्याच्या पायरीवर बागूल जमादार येऊन उभे राहिले होते, त्यांनी नुसती मान हलवली, जा म्हणून. शेवटी सुकलालनं टपरीवर फडकं टाकलं. आम्ही तिघं त्या उन्हात आग्रा रोडनं निघालो. पुढे कॉन्स्टेबल, त्याच्या मागे सुकलाल, आणि सगळ्यांत मागे मी, कुणी मधूनच परत फिरू नये म्हणून.